निधी उभारण्याच्या नोकरीत पडण्याआधी

गोव्यातल्या गावच्या देवळातली पावणी, म्हणजे लिलाव, लक्ष देऊन पाहिला असेल, तर या कामाचा निम्मा अभ्यास झाला म्हणायचा. साधा नारळ, पण बोली चढत चढत हजारांच्या घरात जाते आणि ज्याच्या वाट्याला तो येतो तो हसत पैसे मोजतो. नारळासाठी एवढे कोण देणार? चार लोकांदेखत नाव पुकारले जाते आणि पैसे देवाच्या कामाला लागणार याची खात्री असते, म्हणून तो देतो. संस्थेसाठी निधी उभारण्याची नोकरी करायची असेल, तर पुढच्या पावणीला थोडे मागे उभे राहून बोली पुकारणाऱ्यावर नजर ठेवा. तो कोणाकडे वळतो, कोणाला आदराचे ‘बाब’ लावून हाक मारतो, कुठे ताणतो, कुठे गप्प बसतो, हे बघा. बाकी सगळे काम कागदांचे.

आणि कागद म्हणजे खरोखरच कागद. मुलाखतीला जाल तेव्हा पगार विचारायच्या आधी संस्थेची फाइल बघायला मागा. मागायला संकोच वाटेल, तरी मागा. नोंदणीपत्र, पॅन, आयकराची बारा-ए (संस्थेला करसवलत) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन प्रमाणपत्रे, नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ या संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक, कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) घ्यायला लागणारी सीएसआर-१ची नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. यातले काय आहे, कशाची मुदत संपत आली आहे, ते वहीत लिहून घ्या. २०२१पासून आयकराची ही प्रमाणपत्रे कायमची राहिलेली नाहीत, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, तरी देणगीदार पुढची काही वर्षे ‘ऐंशी-जी आहे ना?’ असेच विचारतील.

नाव सगळीकडे सारखे आहे का, हे अक्षर न् अक्षर लावून पाहा. आमच्या नोंदणीपत्रावर ‘मंडळ’ होते आणि पॅनवर ‘मंडल’. एका ‘ळ’पायी कंपनीच्या पोर्टलने आमचा अर्ज तीनदा परत पाठवला आणि तोवर त्यांचे वर्ष संपले.

मुंबईचा देणगीदार हमखास धर्मादाय आयुक्तांचे प्रमाणपत्र मागतो. ते महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचे, आणि तो कायदा गोव्याला लागू नाही. इथल्या बहुतेक संस्था १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालच्या. हे समजावणारे अर्ध्या पानाचे पत्र लेटरहेडवर तयार करून ठेवा, दर वर्षी दोनतीनदा तरी उपयोगी पडेल.

पावत्यांचेही आधीच विचारून घ्या. ऐंशी-जीच्या देणग्यांचे वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत भरायचे असते. चुकले तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि विवरण भरल्याशिवाय देणगीदाराला प्रमाणपत्र निघत नाही, म्हणजे त्याची सवलत अडकते. रोख दोन हजारांच्या वर घेतले तर त्या देणगीवर सवलतच नाही. जत्रेत कोणी दहा हजारांच्या नोटा पुढे केल्या तर हे तिथल्या तिथे सांगायची तयारी हवी. ‘आधी घेऊ, मग बघू’ म्हणणारे खजिनदार मी पाहिलेत. नंतर बोलणी खायला मात्र आपण.

आता खास गोव्याची गोष्ट, आणि इथेच चांगली चांगली माणसे घसरतात. आपल्या वाड्यावरचा कोणी तरी परदेशात असतोच. तो प्रेमाने म्हणतो, शाळेला लाखभर पाठवतो. तुमचा पहिला प्रश्न असा हवा: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिक आखातात राहून स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पण पोर्तुगालला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिक झालेला, इंग्लंडात स्विंडनला राहणारा तुमचा सख्खा चुलतभाऊ विदेशी देणगीदार ठरतो, ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचे) कार्ड असले तरी. ते पैसे घेण्यासाठी संस्थेला एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ते फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवता येतात. नोंदणी मागायला साधारणपणे तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मूळ कार्यावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. त्याच दुरुस्तीने दोन गोष्टी आणखी केल्या: विदेशी निधीतून प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्चता येत नाही, आणि तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. चुलतभावाला हे फोनवर सांगणे अवघड जाते, त्याला वाटते आपण परके झालो. मी आता आधी घरच्यांची ख्यालीखुशाली विचारतो, मग पासपोर्ट.

सीएसआरचा कायदा तोंडपाठ असू द्या. २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातले एक जरी जमले तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चायचे. कोणती कंपनी कुठल्या राज्यात काय खर्चते, ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या सीएसआर पोर्टलवर सापडते. दोन संध्याकाळी बसून गोव्याची यादी काढा. वेर्ण्याला, कुंडईला कारखाना दिसतो, पण तिजोरीची किल्ली बहुधा मुंबईतल्या समितीकडे असते. म्हणून इथल्या मॅनेजरला भेटूच नये असे नाही. कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायद्यातच आहे, आणि त्याने वर दोन ओळी लिहिल्या तर अर्ज ढिगातून बाहेर येतो.

‘प्रशासनाला पाचच टक्के’ असे कंपनीवाले ऐकवतील. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनखर्चावर आहे, संस्थेने प्रकल्प चालवायला केलेल्या खर्चावर नाही. मंत्रालयाने २०२१मध्ये तसे स्पष्ट केले आहे, त्याची छापील प्रत जवळ ठेवा. नवखा माणूस शिक्षिकेचा पगार, कदंबा बसचे भाडे, ऑडिटची फी लपवून अंदाजपत्रक ‘स्वच्छ’ करतो आणि सहा महिन्यांनी संस्था कर्जात. लपवू नका.

एका पिशवीवर संसार मांडू नका. हे आम्ही डिचोली-सांग्याकडे शिकलो: २०१२मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा २०१८मध्ये झाल्या, आणि स्मरणिकेच्या जाहिरातींपासून शाळेच्या बसपर्यंत सगळे आटले. खाणपट्ट्यात काम असेल तर खाणकायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीने आलेल्या, खाणबाधितांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची माहिती काढा. नाट्य, ग्रंथालय, भजन यांच्यासाठी कला आणि संस्कृती संचालनालयाच्या योजना वाचा. सरकारी अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र रखडले की पुढचा हप्ता रखडलाच, म्हणून ते हिशेबनिसाशी पहिल्या दिवसापासून बोलून घ्या.

लिहायचा सराव नोकरीआधीच करता येतो. ओळखीच्या एखाद्या छोट्या मंडळासाठी दोन पानांचे टिपण लिहा: काय अडले आहे, कोणाचे, आम्ही काय करणार, किती लागतील, झाले हे कसे कळेल. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत. थेट इंग्रजीत लिहिले की ‘सक्षमीकरण’ छापाचे शब्द येतात आणि सत्तरी तालुक्यातल्या मुलीला शाळेत पोचायला दोन बस बदलाव्या लागतात, हे राहून जाते. मुलाखतीला हे टिपणच न्या.

शिक्षणाचे म्हणाल तर समाजकार्याची पदवी चालते, वाणिज्याची त्याहून उपयोगी पडते. सीएफआरई हे निधी उभारणाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र अनुभव गाठीला आल्यावरचे, आत्ता त्यामागे धावू नका. जाहिराती डेव्हनेटजॉब्स या संकेतस्थळावर दिसतात, पण गोव्यातल्या निम्म्या जागा तोंडी भरतात. कोणी म्हणाले, ‘पगार नाही, आणाल त्याचे दहा टक्के घ्या’, तर नमस्कार करून उठा. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्सच्या आचारसंहितेत टक्केवारीवर काम करायला मनाई आहे, आणि देणगीदाराला कळले तर तो पुन्हा दारात उभे करणार नाही.

कॅलेंडर भिंतीवर लावा. एप्रिल ते जून कंपन्यांची नवी अंदाजपत्रके, जानेवारी ते मार्च उरलेल्या पैशांची घाई. गणेशचवथीच्या आठवड्यात कोणाला फोन करू नका. मात्र चवथ झाल्यावर जुन्या देणगीदारांकडे एक फेरी मारा, काही न मागता. कंपनीची पहिली भेट बहुधा जूनमध्येच पडते. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, वेर्ण्याच्या पठारावर पाऊस आडवा येतो.