ल्युकेमियाची ट्रीटमेंट चालू असताना क्लिनिकच्या चकरा सुसह्य कशा करायच्या

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, औषध कुठलं चालूय यावर सगळे बोलतात, पण पेशंटचा दिवस कसा जातो ते बरंचसं क्लिनिकच्या कारभारावर असतं, म्हणजे फोन कुणाला करायचा, रिपोर्ट कधी येणार, बाकावर किती तास बसायचं. यातलं बरंच काही मागून घेता येतं, फक्त मागावं लागतं.

आधी नंबर. पहिल्याच व्हिजिटला विचारा, रात्री दोनला ताप आला तर कुणाला फोन करू? केमोनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेले की ताप अंगावर काढायचा नसतो, १००.४ फॅरनहाइट दिसला की लगेच फोन, आणि मनानेच पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबायचा नाही. हॉस्पिटलला पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, त्यामुळे दारातच पहिलं वाक्य "केमो चालू आहे". हे सगळं कागदावर लिहून पाकिटात ठेवा, ऐनवेळी घरचे इतके घाबरलेले असतात की काही सुचत नाही.

मग वेटिंग. त्याच दिवशी सकाळी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी), मग रिपोर्टची वाट, मग प्लेटलेट्स कमी निघाल्या की पिशवी मागवा, यात संध्याकाळ होते आणि पेशंट तोवर गळून गेलेला असतो. सॅम्पल आदल्या दिवशी देता येईल का, घराजवळच्या लॅबचा रिपोर्ट चालेल का, विचारा. प्लेटलेट्स १०,००० च्या खाली गेल्या तर ब्लीडिंग नसलं तरी सहसा चढवतात, म्हणून आकडा आधी कळलेला बरा, पिशवीची सोय वेळेत होते.

डॉक्टर दरवेळी वेगळे भेटत असतील तर एक वही करा, तारीख, काउंट, औषध, त्रास. खरा घोळ इथे होतो बघा, डॉक्टर "बरंय ना?" विचारतात, आपण "हो" म्हणतो, आणि थकवा, झोप नसणं, तोंडातले छाले तसेच घरी परत येतात. जास्त छळणारे तीन त्रास लिहून न्या आणि काउंट बघायच्या आधी वाचून दाखवा. काही ठिकाणी यासाठी ३० प्रश्नांचा क्यूएलक्यू-सी३० फॉर्म असतो, तो खरं खरं भरा.

सीएमएल (रोजच्या गोळीवर चालणारा, हळू वाढणारा ल्युकेमिया) असलेल्यांना चकरा कमी, पण सुरुवातीला दर ३ महिन्यांनी पीसीआर (आजार किती उरलाय ते दाखवणारी रक्ततपासणी) चुकवू नका. गोळी कशी घ्यायची तेही नीट विचारून घ्या, इमॅटिनिब जेवणासोबत भरपूर पाण्याने, निलोटिनिब रिकाम्या पोटी, आणि मळमळ किंवा सूज आली म्हणून परस्पर बंद करायची नाही, आधी त्या नंबरवर फोन.