चालता चालता बंद, दहा मिनिटांनी पुन्हा चालू: जुन्या गाडीतला दोष कसा धरायचा

कायमची बंद पडलेली मोटरसायकल दुरुस्त करणं सोपं असतं. अधूनमधून बंद पडणारी गाडी डोकं खाते. गॅरेजपर्यंत ढकलत नेईस्तोवर इंजिन थंड होतं, पहिल्या किकला चालू होतं आणि मिस्त्री म्हणतो, "हिला काय झालंय? चांगली तर आहे!" मग अंदाजाने आधी प्लग बदलला जातो, पुढच्या खेपेला कॉइल (प्लगसाठी करंटचा दाब वाढवणारी), त्यानंतर सीडीआय (ठिणगी वेळेवर पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). पैसे जातात, दोष तिथंच राहतो. खरं तर गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांतच दोष सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, म्हणून तपासणी रस्त्याच्या कडेलाच करायची.

इथली माहिती स्प्लेंडर, पॅशन, सीडी १०० अशा कार्ब्युरेटरवाल्या (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) जुन्या गाड्यांसाठी आहे. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. त्यांचं गणित वेगळं. जवळ ठेवायचं सामान थोडंच: एक खात्रीचा चांगला प्लग, प्लगपाना, बारीक स्क्रूड्रायव्हर, पाण्याची रिकामी, कोरडी पारदर्शक बाटली आणि जाड फडकं.

गाडी बंद पडली की किकवर किक मारत सुटू नका. प्लग पेट्रोलने ओला होतो आणि मूळ खूण पुसली जाते. त्याऐवजी ती कशी बंद पडली ते आठवा. चावी फिरवल्यासारखी एका झटक्यात मेली असेल तर दोष बहुधा करंटचा. आधी ओढ कमी झाली, झटके मारले, रेस दिली तरी दम धरला नाही आणि मग बंद पडली, तर पेट्रोलचा. झटके मारत असताना चोक ओढून पाहता आला तर आणखी बरं. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर इंजिनला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त होतंय.

पेट्रोलची बाजू

सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा 'फस्स' आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर दोष झाकणातच आहे. या गाड्यांत पंप नसतो, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा झाकणातल्या बारीक भोकातून आत यावी लागते. भोक धुळीने बुजलं की टाकीत निर्वात होतो आणि धार आटते. टाकी फुल असताना आत हवेला जागा थोडी, त्यामुळे हा त्रास लवकर होतो. म्हणून "परवाच टाकी फुल केली आणि गाडी बंद पडायला लागली" असं कोणी म्हणालं की आधी झाकण पाहावं. दहा मिनिटं थांबल्यावर हवा झिरपून आत येते, गाडी चालू होते आणि लोक समजतात इंजिन तापलं होतं. झाकण रॉकेलमध्ये बुडवून भोकातून हवा मारा. टाकीवर रेक्झिनचं कव्हर असेल आणि त्याची पट्टी झाकणावर घट्ट बसत असेल तर ती कापूनच टाका. आपल्याकडच्या धुळीत ती पट्टी म्हणजे भोकाला लावलेलं बूच.

झाकणाने फरक पडला नाही तर कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत घ्या. सायलेन्सर तापलेला असतो, त्यावर थेंब पडू देऊ नका, आणि बिडी-सिगारेट पेटवणाऱ्याला लांब उभं करा. अर्धा मिनिट धार एकसारखी वाहिली तर पेट्रोल पोचतंय. सुरुवातीला जोरात येऊन मग थेंब-थेंब झाली तर अडथळा वर आहे: कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाची) जाळी, पाइप किंवा तेच झाकण. काहीच आलं नाही तर फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल सोडणारी-रोखणारी) चिकटलेली असू शकते. कार्ब्युरेटरच्या वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर धार सुटली, तर सुईच.

बाटली दोन मिनिटं स्थिर ठेवून तळ बघा. गंजाचे कण चालताना कॉकच्या जाळीला चिकटतात आणि गाडी उभी राहिली की खाली बसतात. 'थांबली की चालू होते' याचं हे आणखी एक कारण. तळाशी वेगळा थर किंवा पाण्याचे गोळे दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून तळाला बसतो. पावसाळ्यात महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत किंवा गावात बाटलीतून विकत घेतलेल्या पेट्रोलात हे जास्त दिसतं. जुना रबरी पाइपही आतून फुगून सोलतो आणि त्याचे कपचे जेटमध्ये (कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात) अडकतात. पाइप दाबून कडक किंवा चिकट लागला तर लगेच बदला.

कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या सांध्यातली ओ-रिंग चपटी झाली की तिथून हवा शिरते. गाडी आयडलवर (रेस न देता चालू) ठेवून सांध्यावर साबणाचं पाणी सोडा. आवाज बदलला तर गळती तिथेच. एअर फिल्टरबद्दल एवढंच: सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तो दर पंधरवड्याला बघावा. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, न पिळता दाबून, तेलात बुडवून पुन्हा दाबून बसवावा. कागदाचा असेल तर बदलावा.

करंटची बाजू

खिशातला चांगला प्लग वायरच्या टोकाच्या टोपीत बसवा, त्याचं धातूचं अंग हेडच्या पंख्यांना (बाहेरच्या पात्यांना) टेकवून जाड कोरड्या फडक्याने धरा आणि किक मारा. इंजिनमधला प्लग जागेवरच राहू द्या, नाहीतर भोकातून उडणारं पेट्रोल पेटू शकतं. प्लगची वायर मोकळी सोडून किक कधीच मारू नये, त्याने सीडीआय जळू शकतो. निळी, 'टक्' आवाज करणारी ठिणगी चांगली. लालसर, बारीक किंवा एक येते एक नाही अशी ठिणगी खराब. नवा प्लग बसवताना गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवावा.

ठिणगीच नसेल तर आधी टोपी बघा. ती वायरवरून उलटी फिरवून काढा, वायरचं टोक ५-६ मिमी कापा आणि टोपी पुन्हा पिळून बसवा. टोपीच्या आत साधारण ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. तापल्यावर तो तुटतो, गार झाल्यावर जुळतो. गरम असतानाच मीटर लावला तरच हे कळतं. मीटर नसेल तर टोपी बदलून टाका, ती स्वस्त असते.

तरीही ठिणगी नाही? मग इंजिन बंद करणारी वायर सोडवा. बॅटरीशिवाय किकवर चालू होणाऱ्या जुन्या गाड्यांत चावी बंद केल्यावर सीडीआयची एक वायर अर्थ होते (फ्रेमला जोडली जाते) आणि इंजिन थांबतं. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये ही वायर काळी-पांढरी असते. ती सीडीआयजवळ सोडवून टोकाला टेप लावा. ठिणगी परत आली तर सीडीआय, कॉइल, पल्सर (ठिणगीच्या वेळेचा इशारा सीडीआयला देणारी मॅग्नेटजवळची छोटी कॉइल) सगळं ठीक आहे. दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा हँडलच्या मानेजवळ घासलेल्या वायरिंगमध्ये आहे. हा दोष जितका सांगितला जातो त्यापेक्षा फार जास्त वेळा निघतो. चावीला किल्ल्यांचा जड जुडगा लटकत असेल तर खड्ड्यात त्याच्या हिसक्याने स्विच आतून ढिला होतो. वायर सोडवलेली असताना गाडी चावीने बंद होणार नाही: गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडायचा. करंट बॅटरीवरून घेणाऱ्या गाड्यांना ही युक्ती चालत नाही; तिथे आधी फ्यूज आणि बॅटरीची टोकं बघा.

घरी आल्यावर गाडी आयडलवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. कुठल्याही टोकाला इंजिन दचकलं तर वायर तिथेच तुटतेय. फ्रेमला बसवलेल्या हिरव्या अर्थ वायरचा बोल्ट काढून, गंज घासून पुन्हा आवळा.

उन्हात, मोठ्या चढाला बंद पडून गार झाल्यावर चालू होत असेल तर कॉइल आणि पल्सरवर संशय घ्यावा. बंद पडल्या क्षणी कॉइलवर ओलं फडकं गुंडाळा. मिनिटभरात ठिणगी आली तर कॉइल. पल्सर मॅग्नेटच्या कव्हराआड गरम तेलाच्या शेजारी असतो. त्याचा रेझिस्टन्स सकाळी गार असताना मोजून लिहून ठेवा आणि गाडी बंद पडल्यावर लगेच पुन्हा मोजा. थोडा वाढणं स्वाभाविक आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटते आहे.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही व्यवस्थित, तरी गरम इंजिन आयडल धरत नाही आणि किक हलकी लागते? मग टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप लावायचे स्क्रू) घट्ट झालेत. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत घासून खोल जातो तसा गॅप कमी होतो आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. होंडाच्या मॅन्युअलप्रमाणे इंजिन ३५ अंशांखाली असताना गॅप बघायचा असतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे दुपारची हवाच त्याहून गरम असते, म्हणून हे काम पहाटेचं. मॅग्नेटवरची 'टी' खूण खाचेसमोर आणा, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) ढिले आहेत याची खात्री करा आणि फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप लावा. आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्या. १०० सीसीच्या बऱ्याच इंजिनांत तो ०.०५ मिमी इतका बारीक असतो.

सीडीआय सगळ्यात शेवटी. मीटरने त्याची खात्रीशीर परीक्षा होत नाही, म्हणून त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा तासभरासाठी मागून आणून लावायचा. सॉकेट जुळतं म्हणून दुसऱ्या मॉडेलचा लावू नका. आतली रचना वेगळी असू शकते. चाचणी घेताना टाकी, वेळ आणि रस्ता तेच ठेवा. फुल टाकीवर भर दुपारी बंद पडणारी गाडी संध्याकाळी गल्लीत दोन चकरा मारून पास करू नका. तेवढं झालं की सोडवलेली काळी-पांढरी वायर परत जोडा.