तूर @ हरभरा: सांकेतिक विधानांवरून निष्कर्ष कसा काढायचा

बँक भरतीच्या पेपरात 'कोण जास्त, कोण कमी' ही तुलना खुणांमागे दडवलेली असते, आणि दिलेले निष्कर्ष विधानांवरून नक्की निघतात का, ते सांगायचं असतं. खुणा पाठ करू नका, दर संचात त्यांचे अर्थ बदलतात. समजा, या वेळी अर्थ असे दिलेत:

@ : पहिल्याचा भाव दुसऱ्यापेक्षा कमी नाही
# : जास्त नाही
% : जास्त आहे
$ : कमीही नाही, जास्तही नाही

आधी 'नाही' सोडवून घ्या. गुण जातात ते बहुतेक इथेच. 'कमी नाही' वाचलं की हात आपोआप > काढतो, पण कमी नाही म्हणजे जास्त किंवा बरोबर, म्हणून ≥. तसंच # म्हणजे ≤, % म्हणजे > आणि $ म्हणजे =. हे चौघे कोपऱ्यात लिहूनच विधानांकडे वळा.

विधाने: तूर @ हरभरा, हरभरा % सोयाबीन, ज्वारी $ सोयाबीन, हरभरा # मूग.

कच्च्या कागदावर आद्याक्षरांनी साखळी मांडा:

तू ≥ ह > सो = ज्वा
मू ≥ ह

आता निष्कर्ष तपासा. 'तूर % ज्वारी': तू पासून ज्वा पर्यंत चाला. वाटेत सगळ्या खुणांची तोंडं एकाच बाजूला, आणि एक तरी निखळ > आहे, म्हणून तू > ज्वा. बरोबर. वाटेत नुसत्या ≥ असत्या तर ≥ एवढंच हाती लागलं असतं. 'मूग % सोयाबीन' हेही याच रीतीने बरोबर.

'तूर % मूग' मात्र अडतं. तू ≥ ह ≤ मू, म्हणजे ह पाशी तोंड फिरलं. तोंड फिरलं की साखळी तुटली. खात्री हवी तर आकडे घाला: ह ६, तू ९, मू ७ चालतं, ह ६, तू ७, मू ९ सुद्धा चालतं. म्हणून निश्चित काही नाही.

पण लगेच पुढे जाऊ नका. जोडीला 'तूर # मूग' हा दुसरा निष्कर्ष दिला असेल, तर > आणि ≤ मिळून सगळ्या शक्यता संपतात. उत्तर 'दोघांपैकी एक'. जोडीला 'तूर $ मूग' असेल तर 'तूर मुगापेक्षा स्वस्त' ही शक्यता बाहेर राहते, मग दोन्ही चूक.

लातूरच्या आडतीवर माल घालणाऱ्या घरातल्या मुलांनी एक जपावं: तुरीचा खरा भाव डोक्यातून काढा. 'तूर ज्वारीपेक्षा महाग असतेच' म्हणून खूण केलीत, तर पुढच्या संचात विधानं उलटी असतील आणि पाव गुण कापला जाईल.