फुलोऱ्यातलं पीक मधमाश्यांना न मारता कसं वाचवावं

पीक फुलोऱ्यात आलं आणि नेमकी तेव्हाच कीड दिसली की हात थेट पंपाकडे जातो. जरा थांबा. जगातल्या 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिकांची फळधारणा कमी-अधिक प्रमाणात परागीभवन करणाऱ्या कीटकांवर आणि इतर प्राण्यांवर अवलंबून आहे. मधमाशी मेली तर किडीपासून वाचवलेल्या वेलीलाही फळ धरत नाही.

आधी कीड नीट पाहा. शेतात वेगवेगळ्या जागची झाडं निवडा, पानं उलटून बघा. माव्याच्या शेजारी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसणारी छोटी अळी असेल तर तिला हात लावू नका. ती ढालकिड्याची अळी आहे आणि मावाच खाते. पुष्कळ जण तिलाच कीड समजून फवारतात. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीच्या खर्चापेक्षा किडीचं नुकसान जास्त होऊ लागतं ती संख्या, ओलांडली नसेल तर काहीही फवारू नका.

थोडा प्रादुर्भाव असेल तर शेंडे खुडा, अळ्या वेचा, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावा. पिवळे चिकट सापळे मात्र फुलोऱ्यात जपून वापरा, कारण त्यांना पांढऱ्या माशीबरोबर मधमाश्याही चिकटतात.

फवारावंच लागलं तर अळ्यांसाठी बीटी जिवाणूचं औषध घ्या. ते अळीच्या पोटात जाऊनच काम करतं आणि मधमाशीला जवळपास निर्धोक आहे. उन्हात त्याचा असर लवकर संपतो, म्हणून संध्याकाळी फवारणं दोन्ही अंगांनी बरं. रसशोषक किडींसाठी निंबोळी अर्क चालतो, पण तोही उघड्या फुलांवर नको. धुरळणीची भुकटी पूर्ण टाळा. ती परागासारखी मधमाशीच्या अंगावरच्या केसांना चिकटते आणि पोळ्यापर्यंत पोहोचते.

वेळेबद्दल सरसकट ‘संध्याकाळी फवारा’ असं सांगितलं जातं, पण ते प्रत्येक पिकाला लागू नाही. काकडी आणि लाल भोपळ्याची फुलं सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटतात, तिथे संध्याकाळ योग्य. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळीच फुलतात. त्यांच्यावर आदल्या रात्रीची फुलं सकाळी कोमेजली की फवारणी उरका. म्हणून वेळ ठरवण्याआधी आपल्या पिकाचं फूल कधी उमलतं ते स्वतः पाहा.

आंतरप्रवाही कीटकनाशकांना वेळेची ही युक्ती लागू पडत नाही. ती झाडात भिनतात आणि मकरंदातून, परागातून बाहेर येतात. याच धोक्यामुळे युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली. फुलोऱ्याच्या आधी आणि फुलोऱ्यात ही औषधं नकोतच. कीटकनाशकात बुरशीनाशक मिसळून फवारू नका. काही मिश्रणं मधमाश्यांना एकेकट्या औषधापेक्षा जास्त घातक ठरतात.

फवारणीआधी पिकाखालचं फुललेलं तण कापा आणि जवळ मधपेट्या असतील तर मालकाला आदल्या दिवशीच कळवा. बांधावरची फुलझाडं मात्र राखा. तिथली थोडी जमीन नांगरू नका, कारण बहुतेक रानमाश्या जमिनीत बिळं करून राहतात.