कारखान्यासाठी विंडोज, मुलीसाठी लिनक्स : एकाच लॅपटॉपवर दोन्ही

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे कापडात विणल्या जाणाऱ्या नक्षीची, डिझाइनं करतो. आमचं सॉफ्टवेअर डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही आणि विंडोज सोडून कशावर चालत नाही. मुलगी इंजिनीअरिंगला आहे, तिला लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, हवं. घरात लॅपटॉप एकच, म्हणून त्यावर दोन्ही ठेवलंय. पूर्व भागातले ओळखीचे मागवालेही पोरांसाठी हे विचारतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

लिनक्स टाकणं सोपं आहे. खरं काम त्याआधी विंडोजमध्ये करायचं असतं, आणि घाई तिथेच नडते.

आधी डिझाइनं आणि टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. कॉपी झाली म्हणून थांबू नका, दोन-चार फायली तिथून उघडून बघा.

मग एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लागलेलं कुलूप. विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू असतं, मालकाला पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून वहीत उतरवा. लॅपटॉप चालू करून देताना दुकानदारानं स्वतःच्या ईमेलनं खातं उघडलं असेल, तर की त्याच्या खात्यात असते. आधी त्याला गाठा. की हातात आल्यावरच एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्कवरचं हे कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा.

कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा. ते चालू असलं की शट डाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून विंडोजच्या फायली वाचता येतात, पण सहसा त्यांत लिहिता येत नाही.

जागाही विंडोजमधूनच काढा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', आणि आकडा 102400, म्हणजे 100 जीबी. लिनक्सचा मिंट हा प्रकार आपण टाकणार आहोत, त्याला 20 जीबी किमान लागते, पण 100 असली की चिंता नाही. मोकळी झालेली जागा तशीच राहू द्या, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका.

8 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटची फाइल त्यांच्याच साइटवरून उतरवा आणि रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमनं पेन ड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूसाठी (कशावरून सुरू व्हायचं ते निवडण्यासाठी) लेनोवो, डेलवर बहुधा एफ12, एचपीवर एफ9. आधी मिंट पेन ड्राइव्हवरूनच नुसतं चालवून वायफाय, आवाज, टचपॅड तपासा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बहुतेक इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळायची सेटिंग चालू असते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ती थेट बदलली तर विंडोज उठणार नाही. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये (कमीत कमी गोष्टींसह) सुरू व्हायला लावा, मग बायोसमध्ये त्याऐवजी 'एएचसीआय' हा पर्याय निवडा, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या आणि नंतर सेफ मोड काढून टाका.

आता चार्जर लावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. इन्स्टॉल करताना विंडोजच्या 'अलाँगसाइड'चा पर्याय निवडा. 'इरेझ डिस्क'ला हात लावायचा नाही, त्यात सगळं जातं.

दोन्ही बसल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'timedatectl set-local-rtc 1' ही आज्ञा द्या, मग विंडोजमधली वेळ एकदा दुरुस्त करा. नाहीतर डिझाइनच्या फायलींवर चुकीच्या वेळा पडतात आणि नवी कुठली, जुनी कुठली, गोंधळ होतो.

विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर लॅपटॉप थेट विंडोजमध्येच जाऊ लागेल. लिनक्स गेलेलं नसतं. बायोसच्या बूट क्रमात 'उबुंटू' वर आणा. मिंटची नोंद तिथे त्याच नावानं असते.