एदेन बागेची कथा वाचताना कोणाला काय ठाऊक होते हे कसे तपासावे

बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातील दुसरा आणि तिसरा अध्याय लक्षपूर्वक वाचणाऱ्याला एक प्रश्न हमखास अडवतो. देवाने मना केलेले, बरेवाईट जाणण्याच्या झाडाचे फळ खाण्यापूर्वी आदाम आणि हव्वा यांना बरे काय आणि वाईट काय हे कळतच नव्हते, तर आज्ञा मोडणे वाईट आहे हे तरी त्यांना कसे कळावे, आणि जे कळत नव्हते त्याबद्दल शिक्षा का व्हावी? या प्रश्नाची तयार उत्तरे पुष्कळ आहेत. ती ऐकण्याआधी मजकूर स्वतः कसा तपासावा, याची एक पद्धत येथे मांडली आहे. तिच्यासाठी मराठी बायबलची कोणतीही प्रत, एक मोठा कोरा कागद आणि निवांत वेळ एवढे पुरे.

वाचन तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या ओळीपासून सुरू करू नये. २:४ (म्हणजे दुसऱ्या अध्यायातील चौथे वचन, पुढेही आकडे असेच वाचावेत) च्या उत्तरार्धापासून ३:२४ पर्यंतचा भाग सलग वाचावा, कारण अध्यायांची आजची विभागणी मूळ ग्रंथात नव्हती. ती तेराव्या शतकातील असून कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या नावाशी जोडली जाते. या विभागणीने नेमक्या मोक्याच्या जागी कात्री लावली आहे. २:२५ मध्ये ती दोघे नग्न असूनही लाजत नव्हती असे म्हटले आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात सर्प सर्वांत धूर्त होता असे येते. हिब्रूत ‘नग्न’साठी ‘अरुम्मीम’ आणि ‘धूर्त’साठी ‘अरूम’ असे जवळजवळ एकसारखे शब्द आहेत. निरागसता आणि चतुराई शेजारी शेजारी ठेवण्याचा हा शब्दखेळ भाषांतरात हरवतो, आणि मध्ये अध्याय तुटल्याने तर त्याची शंकाही येत नाही.

दुसरे काम म्हणजे कथेत नसलेल्या गोष्टी बाजूला काढणे. फळाचे नाव मजकुरात नाही, त्यामुळे सफरचंद विसरावे. अंजिराचा उल्लेख आहे, पण तो फक्त पानांपुरता. सर्प हा परमेश्वराने निर्माण केलेल्या वनपशूंच्या रांगेतला आहे. त्याची सैतानाशी सांगड प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील १२:९ सारख्या पुष्कळ नंतरच्या वचनात दिसते. ‘पाप’ हा शब्द या दोन अध्यायांत एकदाही येत नाही. तो प्रथम ४:७ मध्ये, आदामाचा मुलगा काइन याला दिलेल्या इशाऱ्यात येतो. या नंतरच्या समजुती चुकीच्या ठरवण्याची घाई नको, मात्र पहिल्या वाचनात त्यांना बाहेर बसवावे.

आता कागदावर तीन रकाने आखावेत: वचन, कोणाला काय ठाऊक आहे, आणि ते कशावरून. २:१६-१७ मधील आज्ञा एकट्या पुरुषाला मिळते. स्त्रीची निर्मिती त्यानंतर होते. तरीही ३:२-३ मध्ये तिला आज्ञा ठाऊक आहे, आणि तिच्या तोंडी ‘त्याला स्पर्शही करू नये’ हा भाग जास्तीचा आहे. तो कोठून आला हे मजकूर सांगत नाही, म्हणून तिसरा रकाना रिकामा ठेवावा. अंदाजाने भरलेल्या रकान्यांमुळेच ही कथा अनेकदा बिघडते. मृत्यूची ताकीदही नोंदवावी, पण त्यांनी तोवर कोणाचा मृत्यू पाहिल्याचे कथेत कोठेही नाही, हेही लिहावे. एवढ्यावरून एक गोष्ट निश्चित होते. त्यांना आज्ञा ठाऊक होती, ती कोणाची हे ठाऊक होते आणि तिच्यापुढे धोका आहे हे ऐकून ठाऊक होते. म्हणजे ‘त्यांना काहीच कळत नव्हते’ हे विधान टिकत नाही. प्रश्न उरतो तो एका विशिष्ट प्रकारच्या ज्ञानाचा.

ते ज्ञान कोणते, हे ठरवण्यासाठी ‘बरे आणि वाईट जाणणे’ हा वाक्प्रचार बायबलमध्ये इतरत्र कसा वापरला आहे ते पाहावे. येथे घाई करू नये. सगळ्या तपासणीत सर्वाधिक हाती लागते ते याच टप्प्यावर. यशया ७:१६ मध्ये वाईट टाकून बरे निवडण्याची समज अजून न आलेले मूल आहे. १ राजे ३:९ मध्ये शलमोन राजा न्यायनिवाड्यासाठी बरेवाईट ओळखणारे मन मागतो. २ शमुवेलाच्या १९व्या अध्यायात ८० वर्षांचा बर्जिल्लय दावीद राजाला म्हणतो की आता मला बरेवाईट कळते काय, अन्नाची चव आणि गाणाऱ्यांचा आवाज कळतो काय. म्हणजे या शब्दांची व्याप्ती नीतीपुरती नाही. हितकारक-अपायकारक, सुखद-दुःखद यांतला भेद करून स्वतः निर्णय घेण्याची कुवत त्यांत येते. मराठी भाषांतरातील ‘बरेवाईट’ हा शब्द या बाबतीत भाग्याचा म्हणावा लागेल, कारण ‘काही बरेवाईट झाले तर’ असे आपण म्हणतो तेव्हा पापपुण्याचा विचार आपल्या मनातही नसतो. त्या जागी ‘पापपुण्याचे ज्ञान’ असा शब्दप्रयोग असता, तर अर्थ नाहक आखडला असता.

मात्र याच शोधात एक वचन सापडते, जे अडचण कमी न करता वाढवते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १:३९ मध्ये ज्या मुलांना अजून बरेवाईट कळत नाही त्यांना देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेल्या वचनदत्त देशात प्रवेश मिळतो, आणि बंड करणाऱ्या वडीलधाऱ्यांना मिळत नाही. समज नसणाऱ्याला दोषाचा वाटेकरी न करण्याची ही दृष्टी बायबलच्या आतलीच आहे. ती आधुनिक वाचकाने बाहेरून आणलेली नाही. त्यामुळे ‘आजच्या कल्पना जुन्या कथेवर लादू नका’ असे सांगून प्रश्न झटकणाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही.

यानंतर ३:६ वर थांबावे. ‘ते झाड खाण्यास चांगले आहे असे स्त्रीने पाहिले’ हे वाक्य पहिल्या अध्यायातील ‘ते चांगले आहे असे देवाने पाहिले’ या वाक्याशेजारी लिहावे. शब्द तेच आहेत. तोवर अमुक चांगले, अमुक चांगले नाही, असे ठरवणारा एकटा देव होता. एकटे असणे मनुष्याला बरे नाही हा निर्णयही त्याचाच. येथे प्रथमच मनुष्य तो निर्णय करतो, आणि फळ अजून झाडावरच आहे. माझ्या मते या कोड्याची गाठ येथे आहे. फळातून मिळालेली माहिती हे ज्ञानाचे मर्म नव्हे. चांगले काय हे आपण ठरवायचे, हा अधिकार हाती घेणे हे ते मर्म. तसे असेल तर आधी अज्ञान, मग गुन्हा, मग ज्ञान असा क्रम उरत नाही. आज्ञा मोडणे आणि ज्ञान घेणे ही एकाच कृतीची दोन नावे होतात.

हे वाचन ३:७-१३ वर घासून पाहावे. डोळे उघडल्यावर त्यांना कळते ते एवढेच, की आपण नग्न आहोत. कोणताही नीतिनियम त्यांना उमगल्याचे लिहिलेले नाही. आदामही ‘मी नग्न आहे म्हणून भ्यालो’ असे म्हणतो, ‘मी आज्ञा मोडली म्हणून’ असे म्हणत नाही. आज्ञेचा विषय देवाला काढावा लागतो. पुढे शाप मिळतो तो सर्पाला आणि भूमीला. स्त्री-पुरुषांच्या वाट्याला कष्ट आणि वेदना येतात, पण ‘शापित’ हा शब्द त्यांच्यासाठी वापरलेला नाही. हा फरक रकान्यात ठळक लिहावा.

भाष्यकारांकडे वळायचे ते आता. प्रत्येकाबद्दल एकच विचारावे: याला कोणते वचन अडते? दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती बिशप इरेनेयस आदामाला अपरिपक्व बालकासारखा मानतो. ते निरागसतेला शोभते, पण सर्व प्राण्यांना नावे ठेवणारा आणि पत्नीला ओळखून उद्गार काढणारा आदाम त्यात सहज बसत नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन (३५४ ते ४३०) आज्ञा पाळायला किती सोपी होती यावर भर देतो आणि म्हणूनच आज्ञाभंग गंभीर ठरवतो. त्याला बरेवाईट न जाणण्याचा मुद्दा जड जातो. बाराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीझच्या मते आदामाला आधी सत्य-असत्याची उच्च जाण होती आणि नंतर तो लोकमान्य बऱ्यावाइटाच्या खालच्या पातळीवर उतरला. हे स्पष्टीकरण अतिशय देखणे आहे, परंतु ३:२२ मध्ये परमेश्वरच ‘तो बरेवाईट जाणून आमच्यातल्या एकासारखा झाला’ असे म्हणतो. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दने १८४४ मध्ये उलट बाजूने सुरुवात केली: मनाईचा अर्थ आदामाला कळणेच शक्य नव्हते, त्या मनाईने जागी झाली ती केवळ आपण काही करू शकतो या जाणिवेची चिंता. मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो, जरी त्याच्या वाचनात स्त्रीने झाडाचा केलेला शांत, हिशेबी विचार मागे पडतो.

शेवटची नोंद ३:२२-२३ ची करावी. बागेतून बाहेर काढण्याचे कारण म्हणून तेथे आज्ञाभंगाचा उल्लेख नाही. मनुष्याने हात पुढे करून जीवनाच्या झाडाचेही फळ खाऊ नये आणि सर्वकाळ जगू नये, ही चिंता आहे. हिब्रूत ते वाक्य पुरे होत नाही, मध्येच तुटते, आणि लगेच हकालपट्टीचे वर्णन सुरू होते.