व्हीएलसी बसवताय? आधी पत्ता बघा

तुळशीचं लग्न झालं त्याच आठवड्यात नंदगडचे एक मामा माझ्या खानापूरच्या झेरॉक्सच्या दुकानात आले. पिशवीत लॅपटॉप, यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक डीव्हीडी, तिच्यावर मार्करनं लेकीचं नाव आणि 2006. "नातीला आईचं लग्न बघायचंय, आणि ह्यात काय लागतच नाही. तेवढं लावून द्या की."

लागणार कसं? विंडोज 10 आणि 11 मध्ये डीव्हीडी चालवायची सोय मुळात येतच नाही. त्यासाठी व्हीएलसी नावाचा व्हिडिओ प्लेयर बसवायचा. फुकट आहे, जाहिराती नाहीत. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी 1996 मध्ये सुरू केलेलं हे काम, 2001 पासून सगळ्यांना खुलं आहे. रस्त्यावर ठेवतात तो केशरी शंकू ही त्याची खूण.

पण शंकू कुणीही चिकटवू शकतं. माझंच सांगते. दुकान नवीन होतं तेव्हा गुगलवर जे पहिलं दिसलं त्यावर गेले, तिथलं मोठं हिरवं डाउनलोड बटण दाबलं. प्लेयर आला, सोबत बिनबोलावलेले तीन पाहुणे आले, आणि ब्राउझर उघडला की भलतंच पान समोर. ते निस्तरण्यात अख्खा दिवस गेला, आणि त्या दिवशी दहावीच्या पोरांचे फॉर्म भरायची गर्दी!

म्हणून शोधत बसू नका. वर पत्त्याच्या पट्टीत स्वतः टाइप करा: व्हिडिओलॅन, डॉट, ओआरजी. स्पेलिंग इंग्रजीत, सलग. व्हीएलसी हे प्लेयरचं नाव, व्हिडिओलॅन ही तो बनवणारी संस्था. पत्ता संस्थेच्या नावानं आहे, तिथंच लोक फसतात. 2022 मध्ये काही महिने ही साइट भारतात उघडत नव्हती, तेव्हा अनेकांना इकडून-तिकडून उचलायची सवय लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती परत सुरू झाली, आता ती सवय सोडा.

फाइल उतरली की लगेच डबल क्लिक नको. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात डिजिटल सिग्नेचर्स. तिथं सही व्हिडिओलॅनची हवी. मग चालू केल्यावर विंडोज परवानगी विचारतं, तिथंही पब्लिशर म्हणून तेच नाव दिसलं पाहिजे. 'अननोन' दिसलं तर सरळ नो म्हणा आणि फाइल पुसून टाका. कुणी पेनड्राइव्हवर आणून दिली तरी हेच.

बसवताना नेक्स्ट, नेक्स्ट करत सुटू नका. घटकांची यादी येते, त्यात ब्राउझरचे प्लगइन असले तर टिक काढा, आपल्याला लागत नाहीत. पहिल्यांदा उघडल्यावर दोन गोष्टी विचारतो. नेटवरून गाण्याची-चित्राची माहिती आणू का? मी नको म्हणते. नवीन आवृत्ती तपासत राहू का? हे मात्र राहू द्या. अपडेट प्लेयरच्या हेल्प मेनूतूनच घ्यायचा. ब्राउझरमध्ये 'तुमचा प्लेयर जुना झालाय' अशी पाटी आली तर ती खोटी समजून बंद करा.

मेनू मी इंग्रजीतच ठेवते. उद्या मामांनी फोन केला तर 'टूल्स दाबा' म्हणता येतं, आणि त्यांच्या शेजारचा कानडी पोरगाही तेच शोधू शकतो.

डीव्हीडी लावायला मीडिया, ओपन डिस्क, प्ले. लागली. पण नवरी बोहल्याकडे चालायला लागली की शालूच्या काठाला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. "डिस्क खराब झाली काय?" मामांचा चेहरा उतरला. डिस्क ठीक होती. त्या काळच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र दोन भागांत, एक ओळ सोडून एक असं नोंदवलं जायचं. हालचाल झाली की ते दोन भाग जुळत नाहीत. कीबोर्डवर डी दाबला, काठ सरळ झाला.

ओठ आधी हलून आवाज मागून येत असेल तर कीबोर्डवर 'जे' हे अक्षर दाबत जा, आवाज आधी आला तर 'के'. एका दाबात 50 मिलिसेकंद सरकतो. आणि आवाज 125 टक्क्यांपर्यंत चढतो म्हणून चढवू नका, लॅपटॉपचे बारके स्पीकर सनईत फाटतात.

आता शेवटचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं. कंट्रोल आणि आर. डिस्कचा टॅब, डीव्हीडी, कन्व्हर्ट. प्रोफाइल एच.264 आणि एमपी4 वालं, डीइंटरलेसवर टिक, म्हणजे रेघा कॉपीत उतरणार नाहीत. फाइलचं नाव देताना शेवटी डॉट एमपी4 आहे ना बघा. हे व्हायला वेळ लागतो, पट्टी हळू सरकते. अडकलं समजून बंद करू नका. मामा तेवढ्यात बाजार करून आले.

मूळ डीव्हीडी परत पिशवीत घालून दिली. "आता ही कशाला?" म्हणाले. म्हटलं, ठेवा की मामा, पेनड्राइव्ह हरवायला किती वेळ लागतो.